ईक्यू-५ माउंट आणि त्याचा ट्रायपॉड : चार हिवाळ्यांच्या वापरानंतर

ईक्यू-५ प्रकारचे विषुववृत्तीय माउंट, म्हणजे दुर्बीण पेलून ती ताऱ्यांच्या मागे फिरवणारी बैठक, मी पुण्यात, घराच्या गच्चीवर, चार हिवाळे वापरले आहे. त्यावर १५० मिलिमीटर व्यासाची आणि ७५० मिलिमीटर नाभीय अंतराची न्यूटनीय (आरशाची) दुर्बीण बसते; कडी, शोधक दुर्बीण आणि कॅमेरा धरून तिचे वजन सात किलोच्या आत राहते. माउंट कोणत्या कंपनीच्या नावाने घेतले ते मुद्दाम लिहीत नाही, कारण हाच साचा निरनिराळ्या रंगांत आणि निरनिराळ्या नावांनी विकला जातो, आणि पुढे ज्या उणिवा येतील त्या माझ्या हाती आलेल्या एका नगाच्या आहेत. निष्कर्ष आधीच सांगून टाकतो: आराखडा उत्तम आहे, जोडणी निष्काळजी आहे आणि सोबत आलेला ट्रायपॉड या माउंटच्या तोलाचा नाही. पाना आणि ॲलन की हातात घेण्याची तयारी असेल, तरच ते घ्यावे.

आराखड्याविषयी प्रथम. हे माउंट म्हणजे जपानच्या व्हिक्सन कंपनीच्या ग्रेट पोलारिस या नावाजलेल्या माउंटची स्वस्तातली आवृत्ती आहे, आणि त्याच्याही मागे जायचे तर मूळ कल्पना फ्राउनहोफरची, ज्याने डोर्पाट वेधशाळेच्या २४ सेंटिमीटर दुर्बिणीसाठी १८२४ मध्ये अशी रचना उभी केली. एक अक्ष ध्रुवाकडे रोखलेला (हाच विषुवांशाचा अक्ष), त्याला काटकोनात क्रांतीचा, म्हणजे दुर्बीण उत्तर-दक्षिण फिरवणारा अक्ष, एका बाजूला दुर्बीण आणि दुसऱ्या बाजूला दांड्यावर वजने. ध्रुवाकडे रोखलेला अक्ष पृथ्वीच्या उलट दिशेने, त्याच गतीने फिरवला की तारा नेत्रिकेत (डोळा लावायच्या भिंगात) स्थिर राहतो. ईक्यू-५ मध्ये या अक्षावर १४४ दातांचे चक्र आणि त्यात गुंतलेला वर्म, म्हणजे स्क्रूसारखे आटे असलेला दांडा, असतो. म्हणजे वर्मचा एक फेरा सुमारे ५९८ सेकंदांत, दहा मिनिटांना दोन सेकंद कमी असताना, पूर्ण व्हावा लागतो. हा आकडा लक्षात ठेवावा, कारण नंतर दोष शोधताना तो फार उपयोगी पडतो: ताऱ्याचे मागेपुढे सरकणे दर दहा मिनिटांनी तसेच्या तसे पुन्हा होत असेल तर दोष वर्मचा, आणि त्यात काही नियम नसेल तर ट्रायपॉडचा, वाऱ्याचा किंवा आपल्या हाताचा.

पहिल्या रात्रीचा अनुभव निराशेचा होता. सूक्ष्म गतीची मूठ फिरवली की प्रथम काहीच होत नसे, मग पाव फेरा झाल्यावर दुर्बीण एकदम सरके. मेकॅनिकच्या भाषेत सांगायचे तर वर्ममध्ये ‘प्ले’ होता, आणि तोही सगळीकडे सारखा नाही: अक्ष एका स्थितीत मोकळा, तर दुसऱ्या स्थितीत इतका जड की मूठ निसटून हातात यावी. क्लच (अक्ष घट्ट धरणारी पकड) पूर्ण सैल करूनही विषुवांशाचा अक्ष बोटाने ढकलल्यावर सहज फिरत नव्हता. दुर्बिणीचा समतोल साधायचा तो याच फिरण्यावरून, त्यामुळे अक्ष जड असेल तर समतोल साधला की नाही हेच कळत नाही. जाहिरातीत लिहिलेली नऊ किलोंची क्षमता अशा अवस्थेत केवळ कागदावरची ठरते. सुस्थितीतल्या माउंटवरही छायाचित्रणासाठी तिच्या दोन तृतीयांशाच्या पुढे मी जाणार नाही.

माउंट उघडल्यावर कारण सापडले. आतले ग्रीस म्हणण्यापुरते ग्रीस होते; डिंकासारखे चिकट, काळपट, आणि जानेवारीच्या पहाटे आणखी घट्ट होणारे. सैल जोडणी हाताला घट्ट वाटावी म्हणून असे ग्रीस भरत असावेत असा माझा संशय आहे. ते रॉकेलने आणि जुन्या टूथब्रशने काढायला एक आख्खा रविवार गेला. धातूचे भाग रॉकेलमध्ये भिजवले तरी चालतात, पण प्लास्टिकच्या चकत्या आणि अंशांची छापील वर्तुळे मात्र वेगळी काढून केवळ कोरड्या फडक्याने पुसावीत. दातांच्या खाचांत धातूचा बारीक कीस सापडला. तो तसाच राहिला असता तर त्याने हळूहळू दातच खाल्ले असते. कीस निघेपर्यंत दोनदा धुऊन, पुसून, मग साधे लिथियम ग्रीस अगदी पातळ थराने लावले. थर जाड झाला की जास्तीचे ग्रीस कडेला जमते आणि धूळ धरते; पुण्याच्या गच्चीवर धुळीची वानवा नाही.

उघडताना प्रत्येक टप्प्यावर मोबाइलने छायाचित्र घेतले, हे बरे केले. चकत्यांचा क्रम विसरण्यासारखा असतो आणि एक चकती उलटी बसली तर क्लच घसरतो. सोबत आलेल्या माहितीपुस्तिकेत यातले काहीच नाही. तिच्यात दुर्बीण सूर्याकडे रोखू नये ही सूचना तीन ठिकाणी आहे, जी योग्यच आहे, पण वर्मची जुळणी कशी करावी यावर एक ओळही नाही. म्हणून ती येथे लिहितो.

वर्मच्या जुळणीत दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची गल्लत होते. पहिली म्हणजे वर्मची स्वतःच्या अक्षावरची मागेपुढे होणारी चाल. वर्मच्या टोकाला आट्यांची टोपी असते. ती इतकीच आवळावी की वर्म बोटांनी फिरेल पण लांबीच्या दिशेने हलणार नाही. दुसरी म्हणजे वर्म आणि चक्र यांतले अंतर. ते समोरासमोरच्या ग्रब स्क्रूंनी (डोके नसलेल्या लहान स्क्रूंनी) ठरते: एक ढिला केल्याशिवाय दुसरा आवळू नये, आणि एका वेळी फेऱ्याच्या सोळाव्या भागाहून अधिक फिरवू नये. प्रत्येक बदलानंतर अक्ष पूर्ण ३६० अंश फिरवून पाहावा, कारण या किमतीतले चक्र तंतोतंत गोल नसते. जुळणी नेहमी सर्वांत जड जागेवर करायची. तेथे वर्म अडखळत नसेल तर बाकी ठिकाणी थोडा प्ले राहिला तरी चालतो. प्ले पूर्ण काढण्याच्या हट्टापायी मी पहिल्यांदा वर्म जॅम केला होता. उरलेल्या प्लेवर जुना आणि बिनखर्चाचा उपाय आहे: वजनांचा तोल किंचित बिघडवून पूर्वेची बाजू थोडी जड ठेवावी, म्हणजे दात एकाच बाजूने टेकलेले राहतात आणि माउंट चालू असताना तो प्ले जाणवत नाही. या सगळ्या खटाटोपानंतर क्लच सैल केला की अक्ष बोटाच्या धक्क्याने फिरतो आणि मुठीचा रिकामा फेरा पाव फेऱ्यावरून नखभर उरला आहे.

आता अक्षांशाकडे येतो, कारण महाराष्ट्रातल्या वापरणाऱ्याला सर्वांत जास्त छळणारी गोष्ट ती आहे, आणि परदेशी परीक्षणांत तिचा उल्लेख सहसा येत नाही. ध्रुवीय अक्ष क्षितिजाशी आपल्या अक्षांशाइतका कोन करतो. लंडनला हा कोन साडेएकावन्न अंश असतो. पुण्यात साडेअठरा, मुंबईत एकोणीस, नागपुरात एकवीस आणि कोल्हापुरात सतराहूनही कमी. आपल्याकडे माउंट उत्तरेकडे जवळजवळ आडवे पडते, आणि त्याचे दोन परिणाम होतात. वजनांचा दांडा खाली असताना उभ्या रेषेपासून केवळ साडेअठरा अंश कलतो, म्हणजे जवळजवळ ओळंब्यात लोंबतो, आणि उत्तरेकडच्या पायाला वजन जाऊन आपटते. माझ्या ट्रायपॉडच्या पायावरचा रंग त्या जागी पूर्ण उडाला आहे. शिवाय माउंटचे डोके ट्रायपॉडच्या मध्यापासून उत्तरेकडे झुकल्यामुळे सगळा भारही तिकडे जातो, म्हणून स्थैर्यासाठी एक पाय उत्तरेलाच हवा. म्हणजे पाय तिकडे ठेवला तर वजन आपटते, आणि दोन पायांमधली मोकळी जागा उत्तरेला केली तर डोके पोकळीवर झुकते.

यावर मी दोन उपाय केले. एक तात्पुरता: एका मोठ्या वजनाऐवजी दोन लहान वजने घेऊन ती दांड्यावर शक्य तितकी वर ठेवली. दुसरा कायमचा: ट्रायपॉड आणि माउंट यांच्यामध्ये २० सेंटिमीटर उंचीचा नळकांड्यासारखा खांब. तो तयार विकत मिळतो, पण किंमत ऐकून मी भोसरीतल्या एका लेथवाल्याकडे गेलो. जाड ॲल्युमिनियमचा नळ, दोन्ही तोंडांना चकत्या, वरच्या चकतीवर माउंट ज्या खुंटीभोवती डावीउजवीकडे सरकते ती खुंटी, आणि मधून जाणारा लांब बोल्ट, एवढेच काम. टर्नरने माउंट हातात घेऊन फिरवून पाहिले आणि म्हणाला, “साहेब, गिअर चांगला आहे, पण आटे कुणी घाईत पाडलेत.” निदान अचूक होते. ‘ठोकून बसवू’ असे न म्हणता त्याने सगळी मापे व्हर्नियरने घेतली, खांबाच्या दोन्ही चकत्या एकमेकींना समांतर आहेत याची खात्री करून दिली आणि ट्रायपॉडच्या डोक्यातल्या बोल्टच्या भोकाचे आटेही साफ करून दिले. तयार खांबाच्या निम्म्याहून कमी खर्च आला. आता वजन पायाला लागत नाही, आणि नेत्रिकेशी वाकावेही लागत नाही.

उन्नतीचे बोल्ट हा याच प्रकरणाचा दुसरा भाग. दोन बोल्ट समोरासमोरून दाबून अक्षाचा कोन ठरवतात. कमी अक्षांशावर डोक्याचा सगळा भार त्यांपैकी एकाच बोल्टवर येतो, आणि माझ्या नगात दुसऱ्या बोल्टची मूठ वीस अंशांच्या खाली माउंटच्या अंगालाच अडत असे. भार घेणारा बोल्ट पहिल्याच हिवाळ्यात वाकला. बोहरी आळीतून त्याच आट्यांचे, उच्च ताणशक्तीच्या पोलादाचे दोन ॲलन बोल्ट आणले, टोके कानशीने गोल केली आणि तो प्रश्न संपला. वापराची एक पद्धतही पाळतो: कोन कमी करायचा असला तरी आधी थोडा जास्त खाली उतरवून मग वर चढवत शेवटची जुळणी करायची, म्हणजे आट्यांतला प्ले वजनानेच दाबलेला राहतो. माउंटच्या कडेला कोरलेली अंशांची पट्टी केवळ शोभेची आहे. माझ्या नगात ती दोन अंशांनी चुकीची होती.

ध्रुवताराही आपल्याला फारसा अनुकूल नाही. साडेअठरा अंशांवरचा तारा शहरात इमारती, झाडे, टाक्या आणि धुरके यांत हरवतो. माझ्या गच्चीवरून तो सोसायटीच्या पाण्याच्या टाकीमागे आहे. त्यामुळे ध्रुवीय अक्षातून पाहण्याची जी छोटी दुर्बीण मी जादा पैसे देऊन घेतली, ती डबीतच आहे. त्याऐवजी ताऱ्याच्या सरकण्यावरून जुळणी करतो. दक्षिणेला, मध्यमंडलाजवळ (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेजवळ) आणि खगोलीय विषुववृत्ताजवळ असलेला तारा निवडायचा. हिवाळ्यात मृगाच्या पट्ट्यातले तारे यासाठी हात जोडून उभे असतात. तारा उत्तरेकडे सरकला तर अक्ष पश्चिमेकडे ढळलेला आहे, दक्षिणेकडे सरकला तर पूर्वेकडे. अक्ष १० कलांनी (अंशाच्या सहाव्या भागाने) चुकला असेल तर अशा ताऱ्याचे सरकणे पाच मिनिटांत १२-१३ विकला (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) होते, आणि रेघा असलेल्या नेत्रिकेत ते सहज कळते. नंतर पूर्वेला किंवा पश्चिमेला खाली असलेल्या ताऱ्यावरून उन्नती जुळवायची. पहिल्या वेळी दीड तास लागला होता, आता वीस मिनिटे लागतात. गच्चीच्या फरशीवर तिन्ही पायांच्या जागा रंगाने खुणा करून ठेवल्या आहेत आणि माउंटखाली पाणसळ ठेवून पाहतो, म्हणून हा वेळ वाचतो.

आता ट्रायपॉड. या परीक्षणात मला एकच गोष्ट ठासून सांगायची असेल तर ती ही आहे की पैसे वाचले तर पहिला खर्च ट्रायपॉडवर करावा. सोबत आलेला ट्रायपॉड ॲल्युमिनियमच्या पन्हाळीसारख्या पायांचा होता. पाय लांब करायला प्लास्टिकच्या मुठी, आणि मध्ये नेत्रिका ठेवायची पत्र्याची थाळी, जी पायांना धरून ठेवल्याचा केवळ देखावा करते. १५० पट वर्धनावर गुरू पाहताना नळीला टिचकी मारली तर चित्र सहा-सात सेकंद थरथरत राही. केंद्रीकरणाची (चित्र स्पष्ट करण्याची) मूठ फिरवायची, मग श्वास रोखून थांबायचे, मग पाहायचे, असा प्रकार. माउंटला दोष देऊन मी कितीतरी रात्री फुकट घालवल्या.

पहिला उपाय बिनखर्चाचा आहे आणि तो प्रत्येकाने आजच करावा: पाय लांब करू नयेत. वाकण्याचे प्रमाण लांबीच्या घनाशी बांधलेले असते, म्हणजे ७० सेंटिमीटरचा पाय १०० सेंटिमीटर केला तर तो त्याच बळाने जवळजवळ तिप्पट वाकतो. स्टुलावर बसून पाहावे. पाठीलाही ते बरे. दुसरे, बिजागऱ्यांचे बोल्ट. ते पान्याने आवळले तर थरथर लगेच कमी झाली, पण दोन आठवड्यांत पुन्हा सैल पडले. नायलॉनची कडी असलेले नट घातल्यावर टिकले. तिसरे, थाळी काढून तिच्या जागी १२ मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडचा त्रिकोण, पायांवर घट्ट दाबून बसणारा, आणि त्याच्या मध्यातून टांगलेली पाच लिटर पाण्याची कॅन. वारा असताना कॅन झोके घेऊ लागते, म्हणून ती जमिनीला किंचित टेकलेली असावी. पायांखाली जुन्या टायरचे चौकोनी तुकडे ठेवले. एवढ्याने थरथर साडेतीन सेकंदांवर आली.

तरीही मन भरेना, म्हणून दुसऱ्या वर्षी लाकडाचा ट्रायपॉड करून घेतला. लाकूड कंपने शोषते; धातूची नळी घंटेसारखी वाजते, लाकडाची फळी वाजत नाही. जुने वाडे पाडले जातात तेव्हा निघणारे सागवान वखारीत मिळते. दशकानुदशके वाळलेले असल्याने ते नव्या लाकडासारखे वाकत नाही. सुताराकडून प्रत्येक पाय दोन पट्ट्यांचा, मध्ये तीन आडवे ठोकळे देऊन शिडीसारखा करून घेतला, आणि लांबी बदलण्याची सोयच ठेवली नाही, कारण सरकता सांधा आला की पुन्हा प्ले आला. डोक्याची चकती त्याच लेथवाल्याने कातून दिली. बिजागरी रुंद ठेवणे महत्त्वाचे आहे: पायाचा वरचा सांधा अरुंद असेल तर डोके पिळवटते, आणि तेच कंपन नेत्रिकेत सर्वांत जास्त दिसते. आता टिचकीनंतर चित्र दीड सेकंदात शांत होते. माउंट तेच आहे, दुर्बीण तीच आहे, आणि गुरूच्या पट्ट्यांतले बारकावे मात्र आता कुठे दिसू लागले आहेत. तोटा एवढाच की हा ट्रायपॉड गाडीच्या डिकीत आडवा मावत नाही. शहराबाहेर जायचे तर मागची सीट पाडावी लागते.

मोटरविषयी थोडक्यात. सोबत मिळणारी मोटर चार मोठ्या सेलांवर चालते आणि डोळ्यांनी पाहण्यासाठी पुरेशी आहे. मला अर्ध्या-अर्ध्या मिनिटाची छायाचित्रे काढायची होती, म्हणून ती उतरवून स्टेपर (ठरावीक टप्प्यांनी फिरणारी) मोटर, १६ आणि ६४ दातांच्या पुली, पट्टा, आणि ऑनस्टेप ही मुक्त आज्ञावली असलेला नियंत्रक बसवला. मोटरचे २०० टप्पे, प्रत्येकाचे १६ भाग, पुलीचे चार पट आणि चक्राचे १४४ असा गुणाकार केला तर एका पूर्ण फेऱ्याला १८,४३,२०० टप्पे, म्हणजे एका टप्प्याला ०.७ विकला येतात. सोल्डरिंग येत असेल तर दोन-तीन सुट्ट्यांचे हे काम आहे. येत नसेल तर यात पडू नये. आणि जोडणीपूर्वी वर्म साफ केला नसेल तर मोटर कितीही चांगली असली तरी ती जड जागेवर टप्पे चुकते.

पावसाळ्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंत माउंट बंद असते आणि खरी झीज त्याच काळात होते. पहिल्या वर्षी मी ते पेटीतल्या फोममध्येच ठेवले. फोमने ओल धरली आणि ऑक्टोबरात वजनांच्या दांड्यावर, ग्रब स्क्रूंवर तांबूस गंज दिसला. आता सेल काढून, क्लच सैल सोडून, उघड्या पोलादावर तेलाचा हात फिरवून माउंट सिलिका जेलच्या पिशव्यांसह झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात राहते, आणि पिशव्या महिन्यातून एकदा तव्यावर गरम करून निळ्या करून घेतो.

ज्यांना केवळ पाहायचे आहे, छायाचित्रण नको आहे आणि हत्यारांची आवड नाही, त्यांनी हे माउंट घेऊ नये. तेवढ्या पैशांत डॉब्सन पद्धतीच्या लाकडी बैठकीवर याहून मोठा आरसा मिळतो, आणि त्या बैठकीत बिघडण्यासारखे फारसे काही नसते. ज्यांना अर्ध्या-एक मिनिटाची छायाचित्रे हवी आहेत, दुर्बीण सहा-सात किलोंच्या आत आहे आणि दोन-चार रविवार द्यायची तयारी आहे, त्यांनी ते जरूर घ्यावे, शक्य असेल तर ट्रायपॉडशिवाय आणि जुने. जुने घेताना क्लच सोडून दोन्ही अक्ष पूर्ण फिरवून पाहावेत, उन्नतीचे बोल्ट काढून सरळ आहेत का ते पाहावे, आणि दुर्बिणीची पट्टी धरणारा मुख्य स्क्रू आवळून त्याचे आटे तपासावेत. माझ्या माउंटमध्ये तो शेवटचा स्क्रू अजून मूळचाच आहे. पट्टीवर त्याने खोल खड्डा पाडला आहे, आणि तेवढ्यासाठी भोसरीला एक फेरी अजून शिल्लक आहे.